कुलूप महाग, कोयंडा स्वस्त: घरफोडीचं वेळेचं गणित

या आठवड्याच्या भागाचं हे लेखी रूप. ज्यांना हेडफोन लावायला वेळ नाही त्यांच्यासाठी, आणि ज्यांना हे आई-बाबांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचंय त्यांच्यासाठीही. बोलताना मधे मधे जे "अं" आणि "म्हणजे बघा" येतं तेवढं काढलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय आहे घरफोडी. आपल्या घरात कुणी शिरायचा प्रयत्न केला तर काय करायचं, आणि त्याही आधी, तो प्रयत्न फसावा म्हणून काय करून ठेवायचं.

मी बी.टेक. केलं, सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. माझ्या कामात "सर्व्हरवर हल्ला होईल का" असा प्रश्न कुणी विचारत नाही. "झाला तर किती वेळात कळेल, आणि कळल्यावर कोण काय करेल" असं विचारतात. घराबद्दल मात्र आपण हे विचारतच नाही. घराबद्दल आपला एकच प्रश्न असतो: कुलूप लावलं का?

आपल्या शहरातलंच उदाहरण घेऊ. मे २०२५ मध्ये वाळूजजवळच्या बजाजनगरात एका उद्योजकाच्या बंगल्यावर दरोडा पडला. कुटुंब परदेशात होतं. घरात राखणीला चालक होता, त्याला बांधून ठेवलं गेलं. सुमारे साडेपाच किलो सोनं आणि ३२ किलो चांदी गेली, असं तेव्हा समोर आलं. आपल्यापैकी कुणाच्या घरात साडेपाच किलो सोनं नसतं, आईचं मंगळसूत्र आणि चार बांगड्या असतात. पण त्या घटनेतल्या दोन गोष्टी आपल्यालाही लागू आहेत. घरमालक घरी नव्हते, आणि घरात जो एकटा माणूस होता, त्याच्याकडून कुणालाही वेळेत कळणं शक्य राहिलं नाही.

तीन घड्याळं

घराचं संरक्षण म्हटलं की आपल्या डोक्यात लगेच काठी, तिखट, बॅट येतात. ते बाजूला ठेवा. हा सगळा खेळ वेळेचा आहे, आणि त्यात तीन घड्याळं चालतात.

पहिलं: कुणीतरी शिरतंय हे कळायला किती वेळ लागतो. दुसरं: त्याला आत येऊन हवी ती वस्तू उचलायला किती वेळ लागतो. तिसरं: कळल्यानंतर मदत पोचायला किती वेळ लागतो.

समजा दाराचा कोयंडा तोडायला दोन मिनिटं लागतात, कपाट फोडायला दहा. म्हणजे बारा मिनिटं. शेजाऱ्याने पहिल्याच मिनिटाला आवाज ऐकला आणि माणसं आठ मिनिटांत जमली, तर चोर कपाटाशीच असतो. उरलेला माल सोडून त्याला पळावं लागतं. आता तेच घर, तेच कपाट, पण कुणालाच काही ऐकू आलं नाही. मग चोराकडे बारा मिनिटं नसतात, अख्खी रात्र असते. तुम्ही लग्नाला चार दिवस परगावी असाल तर चार रात्री.

यातली मेख अशी: कळण्याआधीचा अडथळा जवळजवळ फुकट जातो. तिजोरी कितीही जाड असो, ती फुटतेय हे कुणाला कळतच नसेल तर तिचा उपयोग फार थोडा. म्हणून आधी "कळणं" घराच्या बाहेरच्या कडेला आणायचं आणि मग आत अडथळे वाढवायचे. आपण नेमकं उलटं करतो. सगळा पैसा कपाटावर आणि कुलपावर, आणि शेजारच्या काकूंना आपण गावाला चाललोय एवढंही सांगत नाही.

देवगिरी काय शिकवतो

हे गणित आपल्या जिल्ह्यात दगडात कोरलेलं आहे. देवगिरीचा, म्हणजे दौलताबादचा किल्ला तुम्ही शाळेच्या सहलीत पाहिला असेल. तेव्हा आपलं लक्ष तोफांवर आणि डब्यावर होतं. आता परत गेलात तर नकाशा म्हणून बघा.

एकामागोमाग एक तटबंद्या. दरवाजे एका सरळ रेषेत नाहीत, वळून वळून जावं लागतं, म्हणजे धावत येऊन धडक मारता येत नाही. दारांवर हत्तींसाठी खिळे. मग खंदक, आणि डोंगराचा कडा इतका तासलेला की चढायला पकड नाही. खंदकावरून जायला एकच अरुंद वाट. त्यापुढे अंधारी, म्हणजे तो काळोखा भुयारी जिना, जिथे आलेल्याला दिशाच कळत नाही आणि आतला माणूस मात्र दबा धरून बसलेला. एकही अडथळा एकट्याने काम करत नाही. प्रत्येकाचं काम एकच, शत्रूला हळू करणं आणि तोवर आतल्यांना सावध करणं.

तरीही १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजीने रामचंद्रदेव यादवांकडून इथेच प्रचंड खंडणी नेली. कडा चढून नव्हे. तो येतोय हे उशिरा कळलं. मुख्य सैन्य राजपुत्राबरोबर बाहेर गेलेलं होतं. आणि घाईघाईत वर नेलेल्या पोत्यांमध्ये धान्याऐवजी मीठ निघालं, असं जुन्या इतिहासकारांनी लिहून ठेवलंय. म्हणजे भिंत भक्कम होती, पण खबर उशिरा, मदत लांब आणि तयारी न तपासलेली. आपल्या टू-बीएचकेचंही नेमकं हेच होतं.

घर बंद असताना

घरफोडीच्या बातम्या वाचा. "कडी-कोयंडा तोडून आत प्रवेश" हे वाक्य इतक्यांदा येतं की ते छापूनच ठेवलं असावं. त्याचं कारण साधं आहे. आपण हजार-दीड हजाराचं कुलूप घेतो आणि ते लावतो पन्नास रुपयांच्या कोयंड्याला, जो अर्ध्या इंचाच्या चार स्क्रूंनी लाकडात बसवलेला असतो. चोर कुलपाला हात लावत नाही. टॉमी घालतो, कोयंडाच उपटतो. कुलूप तसंच्या तसं, लोंबकळत.

म्हणून पहिलं काम: सुतार किंवा फॅब्रिकेटरला बोलावून कोयंडा, बिजागऱ्या आणि चौकट बघा. लांब स्क्रू, शक्य तिथे आरपार बोल्ट आणि मागून पट्टी. दुसरं म्हणजे दाराच्या आत बसणारं लॉक लावून घ्या. बाहेर टांगलेलं कुलूप रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतं की आत कुणी नाही. आतलं लॉक काहीच सांगत नाही.

मागचं दार विसरू नका. आपल्याकडे पुढच्या दाराला सेफ्टी डोअर आणि मागे धुण्याच्या जागेला पत्र्याचं दार, ज्याला एक साधी कडी. गच्चीच्या दाराचंही तेच. उन्हाळ्यात आपण वर झोपतो आणि खाली घर उघडं किंवा नुसतं लोटलेलं. मराठवाड्यातल्या मे महिन्यात गच्चीवर झोपू नका असं मी सांगणार नाही, सांगितलं तरी कुणी ऐकणार नाही. पण वर जाताना खालचं दार आतून लावून जिन्याने जाता येतं का, ते बघा. जिना बाहेरून असेल तर खालच्या दाराची चावी उशाशी असू द्या.

दुसरी गोष्ट, माहिती. "गोवा डायरीज, डे वन" ही स्टोरी तुम्ही हॉटेलच्या रूममधून टाकता तेव्हा घर किती दिवस रिकामं आहे हे चारशे लोकांना कळतं. फोटो परत आल्यावर टाका, समुद्र कुठे पळून जात नाही. पेपर आणि दूध बंद करा. दाराबाहेर चार दिवसांचे पेपर साचले की आणखी काही सांगायची गरज उरत नाही. कुरिअर शेजारी घ्यायला सांगा. संध्याकाळी एखादा दिवा आपोआप लागेल असा टायमर किंवा स्मार्ट प्लग काही शे रुपयांत मिळतो. दिवसभर जळणारा पोर्चमधला बल्ब मात्र उलटं काम करतो, भर दुपारी चालू दिसला की समजतं.

आणि सगळ्यात स्वस्त, सगळ्यात भरवशाचं अलार्म म्हणजे शेजारी. सिडको-हडकोतली घरं एकमेकांना चिकटून आहेत, तिथे भिंतीपलीकडे कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात. सातारा परिसर, देवळाई, बीड बायपासकडच्या नव्या वसाहतींमध्ये मात्र शेजारी प्लॉट रिकामा, समोर बांधकाम चालू, आणि लोक एकमेकांना गाडीच्या नंबरवरून ओळखतात. अशा ठिकाणी मुद्दाम ओळख करावी लागते. दोन घरांशी ठरवून ठेवा: आम्ही नसताना तुम्ही लक्ष ठेवा, तुम्ही नसताना आम्ही. एकमेकांचे नंबर फेव्हरिटमध्ये. नळाला पाणी येतं त्या दिवशी अख्खी गल्ली एकमेकांना उठवते ना, तेवढंच नेटवर्क पुरतं.

दागिन्यांचं म्हणाल तर बँकेचं लॉकर चांगलंच, पण त्याचीही मर्यादा माहिती असू द्या. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा बँक कर्मचाऱ्याची फसवणूक यात बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटींपर्यंत असते. भाडं ३,००० रुपये असेल तर कमाल ३ लाख. घरी काही ठेवणारच असाल तर कपाटाची चावी कपाटावर, साड्यांच्या घडीत किंवा देव्हाऱ्याखाली नको. हे तीन पत्ते चोरांना पाठ आहेत.

कॅमेरा: माझ्या खात्यातला विषय

कॅमेऱ्यावर मला सगळ्यात जास्त प्रश्न येतात, म्हणून थोडं सविस्तर.

कॅमेरा चोर थांबवत नाही. तो "कळणं" लवकर करू शकतो, पण त्यासाठी तो कुणाला तरी सांगणारा हवा. फोनवर अलर्ट न पाठवणारा कॅमेरा म्हणजे चोरी झाल्यावर बघायचा सिनेमा.

"चोरांनी जाताना डीव्हीआरही नेला" हे वाचलंय ना? साहजिक आहे, डीव्हीआर हॉलमध्ये टीव्हीखाली असतो आणि त्याच्यावर हिरवा दिवा लुकलुकत असतो. तो माळ्यावर किंवा बंद कपाटात ठेवा, किंवा रेकॉर्डिंगची एक प्रत क्लाउडवर जाईल अशी सोय करा. सॉफ्टवेअरमधला नियम इथेही तोच, ज्या यंत्रावर हल्ला होऊ शकतो त्याच यंत्रावर एकुलता एक बॅकअप नको.

लाइट गेली की राउटर बंद, राउटर बंद की कॅमेरा मुका. राउटरसाठीचा छोटा यूपीएस घ्या. एक कॅमेरा उंचावर असू द्या, पण एक चेहऱ्याच्या उंचीजवळ, दाराकडे तोंड करून. फक्त छतावरून शूट केलं तर टोपीचा वरचा भाग फार सुंदर येतो, चेहरा येत नाही.

आणि पासवर्ड. लावून देणारा माणूस जो पासवर्ड ठेवून जातो, तो त्याने शहरातल्या पन्नास घरांत ठेवलेला असतो. २०१६ मध्ये मिराय नावाच्या मालवेअरने जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते, तेही फॅक्टरीतून आलेले पासवर्ड वापरून. घराचं रक्षण करायला आणलेली वस्तूच घराची खिडकी बनू नये. पासवर्ड आजच बदला, आणि बेडरूममध्ये कॅमेरा लावू नका.

घरात माणसं असताना

आता खरा अवघड भाग. रात्रीचे अडीच वाजलेत, आवाज आला आणि तुम्ही घरात आहात.

इथे ध्येय बदलतं. मघाशी वस्तू वाचवत होतो, आता माणसं. फोन, पैसे, सोनं हे सगळं दुसऱ्या नंबरवर. हे दिवसा चहा पिताना घरच्यांशी बोलून ठरवायचं असतं, कारण रात्री अडीचला कुणीही नीट विचार करत नाही.

एक खोली ठरवा. आतून भक्कम कडी लागते, जिथे मोबाइलला रेंज आहे, शक्यतो रस्त्याकडे किंवा शेजाऱ्याकडे खिडकी आहे. आजी-आजोबांची खोलीच ही खोली ठेवली तर उत्तम, म्हणजे त्यांना पळावं लागत नाही. आवाज आला की सगळ्यांनी तिथे यायचं. मुलांना कोण आणणार, आजींना कोण आणणार, हे नावानिशी ठरलेलं हवं. त्या खोलीत टॉर्च, एक चार्जर आणि जोरात वाजणारी शिट्टी ठेवा.

मग ११२. फोन लागल्यावर पहिलं वाक्य पत्ता. कॉल कट झाला तरी पत्ता पोचलेला हवा. पत्ता सांगायची रंगीत तालीम करा: वसाहत, गल्ली, घर नंबर, ओळखीची खूण. "देवळाई चौकाच्या पुढं, ते मेडिकल आहे ना" असं त्या क्षणी चालत नाही. फोनच्या सेटिंगमधलं इमर्जन्सी एसओएस आजच बघून ठेवा, बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये पॉवर बटण पाच वेळा दाबून ते सुरू होतं. आई-बाबांच्या फोनमध्येही चालू करून द्या.

चोर अजून बाहेर असेल, दार खटखटवत असेल, तर सगळे दिवे लावा आणि आरडाओरडा करा. घर जागं आहे, हे कळलं की बहुतेक वेळा तेवढंच पुरतं. तो आत आला असेल आणि वाट मोकळी असेल तर त्याची पळायची वाट अडवू नका. कोंडलेला माणूस वार करतो. आणि समोरच येऊन उभा राहिला, हातात शस्त्र असेल, तर द्या काय मागतोय ते. मंगळसूत्र पुन्हा करता येतं.

हॉकी स्टिक, तलवार वगैरेबद्दल: २०१८ मध्ये आपल्याच शहरात ऑनलाइन मागवलेल्या तलवारी आणि चाकू पोलिसांनी जप्त केले होते. "स्वसंरक्षणासाठी मागवली" हे उत्तर शस्त्र कायद्यात चालत नाही. शिवाय झोपेतून उठलेल्या माणसाच्या हातातलं शस्त्र कुणाच्या हातात जाईल, याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

गावाकडच्या घरासाठी

आपल्यापैकी अनेकांचे आई-वडील गावात किंवा शेतवस्तीवर राहतात. तिथे तिसरं घड्याळ फार हळू चालतं, पोलीस ठाणं वीस-पंचवीस किलोमीटरवर असतं. अशा ठिकाणी ग्रामसुरक्षा यंत्रणा उपयोगी पडते. १८००२७०३६०० या टोल-फ्री नंबरवर नोंदणी झालेल्या गावातल्या माणसाने फोन करून बोललं की त्याचा आवाज गावातल्या नोंदलेल्या सगळ्या मोबाइलवर एकाच वेळी कॉल म्हणून जातो. साध्या बटणाच्या फोनवरही. गाव नोंदलेलं आहे का, आणि बाबांचा नंबर त्यात आहे का, ते या सुट्टीत गेल्यावर ग्रामपंचायतीत विचारा.

पण गर्दी जमवण्याची ताकद दुधारी असते. २०२४ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात रात्री ड्रोन दिसल्याची चर्चा झाली आणि "चोर ड्रोनने टेहळणी करतात" असे मेसेज गावोगाव फिरले. अफवा कुठवर जाते ते महाराष्ट्राने पाहिलंय. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून भिक्षा मागणाऱ्या पाच जणांना जमावाने मारलं. १६ एप्रिल २०२० ला पालघरमधल्या गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा चालक असेच गेले. ही आठही माणसं चोर नव्हती. म्हणून ग्रुपवर "टोळी फिरतेय" असा मेसेज आला की विचारा: कुणी पाहिलं, कुठे, किती वाजता? उत्तर नसेल तर पुढे पाठवू नका. उत्तर असेल तर ११२ ला सांगा.

कायदा किती साथ देतो

"चोराला मारलं तर आपल्यावरच केस होते" असं सगळे म्हणतात. हे अर्धं खरं आहे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिची कलमं ३४ ते ४४ स्वसंरक्षणाच्या हक्काची आहेत, आधी भारतीय दंड संहितेत ती ९६ ते १०६ होती. स्वतःचं, दुसऱ्याचं शरीर आणि मालमत्ता वाचवण्याचा हक्क तुम्हाला आहे. जीव जाईल किंवा गंभीर दुखापत होईल अशी वाजवी भीती असेल, तर तो हक्क समोरच्याचा जीव जाण्यापर्यंतही पोचू शकतो. मालमत्तेच्या बाबतीत कलम ४१ मध्ये जबरी चोरी आणि सूर्यास्तानंतर ते सूर्योदयापूर्वीची घरफोडी यांचा उल्लेख आहे.

पण सगळ्याच्या वर कलम ३७ ची अट आहे: गरजेपेक्षा जास्त इजा नाही. धोका संपला की हक्क संपला. पकडून खांबाला बांधलेल्या माणसाला मारणं हे स्वसंरक्षण राहत नाही, तो तुमचा गुन्हा होतो. तुमच्यासमोर असा गंभीर गुन्हा करणाऱ्याला तुम्ही पकडून ठेवू शकता, पण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे विनाकारण उशीर न करता, सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. आणि कुंपणात करंट सोडणं तर विसराच. तो करंट चोर, शेजारचं पोर आणि तुमची म्हैस यांत फरक करत नाही, आणि मेलेल्या माणसाची केस तुमच्यावर चालते.

ज्या घरातून बाहेर पडता येत नाही

एक मुद्दा राहिला, आणि माझ्या मते तो सगळ्यात महत्त्वाचा. ३ एप्रिल २०२४ च्या पहाटे आपल्या छावणी भागात तळमजल्यावरच्या कपड्यांच्या दुकानाला आग लागली. वर राहणाऱ्या एकाच कुटुंबातल्या सात जणांचा धुराने गुदमरून मृत्यू झाला.

त्या घटनेनंतर प्रत्येक घराने स्वतःला विचारायला हवं होतं: खालचा रस्ता बंद झाला तर आपण कुठून बाहेर पडणार? चोराच्या भीतीने आपण प्रत्येक खिडकीला वेल्डिंग केलेलं ग्रिल लावतो, बाल्कनी पिंजऱ्यासारखी बंद करतो, जिन्याच्या चॅनेल गेटला रात्री आतून कुलूप घालतो आणि त्याची चावी स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवतो. धुरात ती सापडत नाही.

म्हणून किमान एका खिडकीच्या ग्रिलला आतून उघडणारी झडप करून घ्या, तीही त्या ठरवलेल्या खोलीत असली तर फारच छान. झडपेच्या कुलपाची चावी त्याच खोलीत, बाहेरून हात पोचणार नाही पण आतल्या सगळ्यांना माहीत असेल अशा जागी. चॅनेल गेटच्या दोन चाव्या. जे दार चोराला आत येऊ देत नाही ते तुम्हाला बाहेर जाऊ देतं ना, हे दोन्ही तपासा.

झालीच तर

घरी आलात आणि दार उघडं दिसलं, तर आत जाऊ नका. तो अजून आत असू शकतो. बाहेरूनच ११२. आत गेल्यावर कशालाही हात लावू नका, आवराआवर करू नका, ठशांचं काम होऊ द्या. एफआयआरची प्रत मोफत मिळते, तो तुमचा हक्क आहे. विमा असेल तर कंपनीला लगेच कळवा.

आणि यादी. पोलीस विचारतात काय काय गेलं, तेव्हा आठवत नाही. आजच फोनवर फोटो काढा: दागिने, बिलं, लॅपटॉपचा सीरियल नंबर. फोनवर *#०६# डायल करून आयएमईआय लिहून ठेवा, चोरी झाल्यावर संचार साथी पोर्टलवरून फोन ब्लॉक करता येतो. १ एप्रिल २०२३ पासून विकल्या जाणाऱ्या हॉलमार्क दागिन्यांवर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असतोच, आणि प्रत्येक दागिन्याचा वेगळा. भिंगाने बघून तो लिहून घ्या. "एक सोन्याची चेन, अंदाजे दोन तोळे" आणि "हा एचयूआयडी असलेली चेन" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ही यादी घरातल्या डायरीत नको, ईमेलवर ठेवा.

या रविवारचा अर्धा तास

एवढं सगळं एकदम होणार नाही. या रविवारी सहाच गोष्टी करा.

१. पुढचा, मागचा आणि गच्चीचा कोयंडा हलवून बघा. हलला तर सुताराला फोन.
२. कॅमेऱ्याचा आणि वायफायचा पासवर्ड बदला.
३. दोन शेजाऱ्यांचे नंबर घ्या आणि त्यांना तुमचा द्या.
४. खोली ठरवा, कोण कुणाला आणणार ते ठरवा, ११२ ला सांगायचा पत्ता एकदा मोठ्याने म्हणा.
५. ग्रिलची झडप आणि चॅनेल गेटची चावी दिवे बंद करून शोधून बघा.
६. दागिने, बिलं, आयएमईआय यांचे फोटो.

पाचवी गोष्ट घरातल्या सगळ्यांनी करायची, आजींनीही. ज्याला चावी सापडली नाही त्याच्यासाठी तिची जागा बदला.

पुढच्या भागात यूपीआयच्या नव्या फसवणुकींवर बोलू. तोवर हा भाग अशा एका माणसाला पाठवा ज्याच्या घरी आत्ता फक्त आई-बाबा आहेत. भेटूया!